टाइल चांगली घेतली की वॉटरप्रूफिंग नको? नाही हो, हवंच

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. बाथरूमचं काम काढताना वॉटरप्रूफिंग म्हणजे फुकटचा खर्च, त्यापेक्षा मोठ्या साइजची व्हिट्रिफाइड टाइल घ्या, जुन्या लादीवरच चिकटवा, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा, तोडफोड नाही, डेब्री नाही आणि बाथरूम कायमचं वॉटरप्रूफ, असं त्यात लिहिलंय. वाचायला पटकन पटतं आणि त्याचीच मला काळजी वाटते, कारण यावर विसंबून काम केलं तर उद्या खालच्या घराच्या छताला ओल येणार आणि नवीकोरी लादी फोडायची वेळ येणार. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, मग पाणी खाली जाईलच कसं?"

टाइल पाणी पीत नाही हे खरंय, तिचं शोषण ०.५ टक्क्याच्या आत असतं. पण पाणी टाइलमधून जातच नाही ना, ते जातं कडेने! भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा, नहाणी ट्रॅपच्या म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या भोवतीची जागा, कमोडचा पाइप स्लॅबमधून उतरतो तिथली फट, दाराचा उंबरा. प्लास्टिकचा पाइप आणि काँक्रीट एकमेकांना घट्ट धरून बसत नाहीत, गरम पाणी गेलं की पाइप फुगतो, गार झाला की आकसतो आणि केसाएवढी फट पडते. तेवढी पाण्याला पुरते. म्हणून टाइलच्या खाली वॉटरप्रूफिंगचं कोटिंग लागतं, कोपऱ्यात वाटा मारून म्हणजे गोलाई देऊन, भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. दोन हात मारायचे, दुसरा पहिल्याला आडवा, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही.

मोठी टाइल म्हणजे सांधे कमी हे ठीक, पण ट्रॅपकडे चारही बाजूंनी ढाळ द्यायला मोठी टाइल कापावी लागते, नाहीतर मध्ये पाणी साचतं. ढाळ मीटरला साधारण १० ते १२ मिलिमीटर तरी हवा. शॉवरखाली छोटी टाइल बरी, ढाळही नीट बसतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकड मिळते. आणि ग्लॉसी टाइल पुसायला सोपी म्हणून जमिनीवर लावू नका, प्लीज, घरात म्हातारं माणूस असेल तर अजिबातच नको. मॅट घ्या, अँटिस्किड बघून घ्या.

"इपॉक्सी ग्राउट भरलं की विषय संपला."

इपॉक्सी चांगलंच आहे, सिमेंट ग्राउटपेक्षा पाणी कमी पितं आणि डागही कमी पडतात, वापराच. फक्त ते कडक असतं. भिंत आणि फरशी वेगवेगळ्या हलतात त्यामुळे त्या कोपऱ्यात कडक ग्राउट तडकतं, तिथे सिलिकॉन सीलंट लागतं आणि तेही काही वर्षांनी काढून नवीन भरावं लागतं. व्हाइट सिमेंटचं तर नावच नको.

"जुन्या लादीवर नवीन लादी, झंझट नाही."

जुनी लादी घट्ट असेल, खाली गळती नसेल आणि उंची परवडत असेल तर हे चालतं, सरसकट नाही म्हणत नाही. पण आधी नाण्याने प्रत्येक लादी ठोकून बघा. पोकळ आवाज आला म्हणजे ती खालून सुटलीय, तिच्यावर काहीही चिकटवा, तिच्यासकट उठणार. दुसरं, टाइल आणि ॲडेसिव्ह मिळून जमीन दीड सेंटिमीटरच्या आसपास वर येते, म्हणजे बाथरूम आणि बाहेरच्या खोलीतला फरक तेवढाच कमी होतो आणि पाणी उंबऱ्यापर्यंत यायला लागतं, मग दाराची चौकट खालून फुगते. आणि ॲडेसिव्हचे नुसते चार-पाच गोळे ठेवून टाइल दाबणारा कारीगर दिसला तर तिथेच थांबवा. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचून राहतं, वास येतो. दातेरी ट्रॉवेलने पूर्ण पसरवूनच टाइल बसली पाहिजे.

"कोटिंग केलं काय, नाही केलं काय, कळतं कुणाला?"

कळतं! कोटिंग वाळलं की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा, शेजारी एक बादली भरून ठेवा म्हणजे वाफ होऊन किती गेलं तेही समजेल. किमान २४ तास ठेवा, ४८ ठेवलेत तर उत्तम, आणि खालच्यांकडे जाऊन छत बघून या. त्यानंतरच टाइल. एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, ती म्हणजे कोटिंग झाल्यावर प्लंबर येऊन एखाद्या पाइपसाठी छिन्नी मारतो आणि कुणालाच सांगत नाही. प्लंबिंग सगळं आधी, आणि नंतर काही फोडलंच तर तेवढा भाग परत कोटिंग करून परत पाणी भरून बघायचं.

"ओल आलीच तर डॅम्पप्रूफ पेंट मारा."

आधी ओल कुठून येतेय ते बघा ना. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली वाफ आहे, मोठा एक्झॉस्ट फॅन लावा आणि आंघोळीनंतर वीसेक मिनिटं चालू ठेवा. भिंतीच्या बाजूला आले तर पाणी आतून येतंय, त्यावर पेंट मारलात तर पोपडे निघणार आणि पाणी दुसरीकडून बाहेर पडणार.