डॉक्टर बदलला, आता बोंबला!

३१ मे २०२५. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतल्या 'द रिअ‍ॅलिटी वॉर'चा शेवट. शूटी गॅटवाचा डॉक्टर सोनेरी झोतात गेला आणि समोर आली बिली पायपर, म्हणजे २००५ ची रोझ टायलर, डॉक्टरची तेव्हाची सोबतीण. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण त्यापुढे 'डॉक्टरच्या भूमिकेत' हे शब्द नव्हते. एरवी असतात, इथे मुद्दाम गाळले. म्हणजे ही बाई डॉक्टर आहे की आणखी कोणी, हेच बनवणाऱ्यांनी सांगितलेलं नाही. पण आमच्या चाहत्यांना त्याचं काय? एका गटाने त्याच रात्री तिला सोळावी डॉक्टर म्हणून डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्याने मालिकेचं तेरावं घालून टाकलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

अरे, ही मालिका 'डॉक्टर हू' आहे. नायक बदलणं हाच तिचा पाया आहे. २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९६६ मध्ये विल्यम हार्टनेलची तब्येत झेपेना, म्हणून बनवणाऱ्यांनी युक्ती काढली: डॉक्टर परग्रहावरचा आहे ना, मग मरताना त्याचं अख्खं शरीरच बदलू दे. २९ ऑक्टोबर १९६६ ला हार्टनेल जमिनीवर कोसळला आणि पॅट्रिक ट्राउटन उठला. ही युक्ती सुचली नसती तर मालिका त्याच वर्षी आटोपली असती आणि आज भांडायला तुम्हाला विषयच उरला नसता. साठ वर्षं झाली, आणि दर वेळी यांना धक्का बसतो!

धक्का बसायलाही हरकत नाही. आवडता नट गेला की वाईट वाटतंच. चीड येते ती पुढच्या तमाशाची, कारण तो दर वेळी अक्षरशः त्याच क्रमाने होतो. नाव जाहीर झालं की पहिल्या तासात 'हा डॉक्टर वाटतच नाही'. पोशाखाचा फोटो आला की 'हे काय घातलंय'. मग झलक आली की नापसंतीची बटणं. पहिल्या भागाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेक्षकसंख्येचा आकडा तोंडावर फेकायचा. वर्षभराने 'मालिकेला विश्रांती द्या' अशी हाकाटी. आणि तो नट निघाला की हीच मंडळी गहिवरून लिहिणार, 'याला कधी नीट संधीच मिळाली नाही.' कोणी दिली नाही संधी? तुम्हीच ना?

मॅट स्मिथचं नाव ३ जानेवारी २००९ ला जाहीर झालं तेव्हा तो २६ वर्षांचा होता. तक्रार काय? फार लहान, दुधाचे दात पडले नाहीत. ४ ऑगस्ट २०१३ ला पीटर कपाल्डी आला, वय ५५. तक्रार काय? फार म्हातारा. हार्टनेलने भूमिका सुरू केली तेव्हा तोही ५५ चाच होता, पण हे कोण बघतो. शेवटी २०१४ च्या 'डीप ब्रेथ' या भागात मालिकेलाच हात जोडावे लागले: जुन्या डॉक्टरने, म्हणजे मॅट स्मिथने, भूतकाळातून सोबतीण क्लाराला फोन करून सांगितलं की समोरचा हा माणूस घाबरलेला आहे, त्याला सांभाळून घे. तो फोन क्लाराला नव्हता हो, तुम्हाला होता.

आणि मुख्य राग याचा की शिव्या नेहमी चुकीच्या माणसाला बसतात. नट संहिता लिहीत नाही. किती भाग काढायचे, कोणत्या वारी दाखवायचे, बरोबर किती सोबती द्यायचे, कोणता खलनायक आणायचा, यातलं काहीही तो ठरवत नाही. हे ठरवतात निर्माता, मुख्य लेखक आणि वाहिनीचे साहेब. पण पडद्यावर तोंड नटाचं दिसतं, म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी.

याचा सगळ्यात वाईट बळी कॉलिन बेकर. आजही 'सर्वात वाईट डॉक्टर' म्हणून पहिलं नाव त्याचं घेतात, आणि घेणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्याचे भागसुद्धा पाहिलेले नसतात. काय झालं होतं ते एकदा नीट पाहा. मार्च १९८४ मध्ये पीटर डेव्हिसनची शेवटची कथा लागली, 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी', रॉबर्ट होम्सने लिहिलेली, मालिकेच्या उत्तम कथांपैकी एक. शहाण्या माणसाने हंगाम तिथेच संपवला असता. पण नाही. त्याच महिन्यात, त्याच हंगामाच्या शेपटाला नव्या डॉक्टरची पहिली कथा जोडली, 'द ट्विन डिलेमा'. पैसे संपत आलेले, कथा रद्दी, आणि पहिल्याच भागात नवा डॉक्टर आपल्याच सोबतिणीचा, पेरीचा गळा दाबतो. बेत असा होता की हा डॉक्टर आधी अंगावर येणारा वाटेल आणि मग हळूहळू त्याचं मन उलगडेल. बेत वाईट नव्हता, पण तो हंगामाच्या सुरुवातीला टाकायचा असतो, म्हणजे पुढच्याच आठवड्यापासून उलगडायला जागा मिळते. इथे गळा दाबला, कथा संपली आणि प्रेक्षकाला जानेवारी १९८५ पर्यंत नऊ महिने तीच चव तोंडात घेऊन बसवलं.

मग तो कोट. ठिगळाठिगळांचा, डोळ्यांत खुपणारा. बेकरला स्वतःला काळा मखमली कोट हवा होता. निर्माता जॉन नेथन-टर्नर म्हणाला, मला अभिरुचीशून्य कोट हवा. मिळाला. टिंगल कोणाची झाली? घालणाऱ्याची. १९८५ मध्ये बीबीसी वनचा प्रमुख मायकेल ग्रेड याने, ज्याला ही मालिका आवडत नव्हती आणि तो ते लपवतही नव्हता, ती दीड वर्ष थांबवली. परत आली तेव्हा १४ छोटे भाग, आणि त्यानंतर हुकूम: मालिका ठेवा, नट काढा. निर्माता जागेवर, नट घरी! हकालपट्टीनंतर बेकरला एका कथेपुरतं बोलावलं होतं, मरून नव्याला जागा करून द्यायला. त्याने नकार दिला, आणि का देऊ नये? म्हणून १९८७ च्या 'टाइम अँड द रानी'त नव्या डॉक्टरने, सिल्व्हेस्टर मॅकॉयने, कुरळ्या सोनेरी केसांचा विग घालून जमिनीवर पडून दोन्ही डॉक्टरांचं काम केलं. यावर हसणारे खूप. ही वेळ कोणी आणली, हे विचारणारे फार थोडे.

२००५ चं प्रकरण त्याहून चीड आणणारं. २६ मार्चला नव्या डॉक्टरचा, क्रिस्टोफर एकल्स्टनचा पहिला भाग लागला आणि चारच दिवसांत तो पुढच्या हंगामात नसल्याची बातमी फुटली. बीबीसीने त्याच्या नावावर एक निवेदन काढलं, एकाच छापात अडकायची भीती वगैरे. ते त्याला न विचारता काढलेलं होतं आणि पुढे बीबीसीला त्याबद्दल माफी मागावी लागली. पण तोवर चाहत्यांनी त्याला कृतघ्न ठरवून मोकळं केलं होतं. वाहिन्या असंच करतात, त्यात नवल नाही. पण तुम्ही का त्यांची हमाली करता?

आता जोडी व्हिटेकर. १६ जुलै २०१७ ला विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यानंतर तिचं नाव आलं आणि 'डॉक्टर बाई असूच शकत नाही' म्हणून आरडाओरडा सुरू झाला. पुरावा काय, तर म्हणे मालिकेचे नियम. कुठले नियम? २०११ मध्ये 'द डॉक्टर्स वाइफ'मध्ये डॉक्टर स्वतः सांगतो की कोर्सेअर हा त्याचा मित्र कधी पुरुष, कधी बाई असायचा. २०१४ मध्ये मास्टरची, म्हणजे डॉक्टरच्या जुन्या वैऱ्याची, मिसी नावाची बाई झाली. २०१५ मध्ये 'हेल बेंट'मध्ये गॅलिफ्रेचा, म्हणजे डॉक्टरच्याच ग्रहाचा, गोरा सेनापती गोळी लागून पडतो आणि कॅमेऱ्यासमोर कृष्णवर्णीय स्त्री होऊन उठतो. तिन्ही गोष्टी तिच्या आधीच्या. १९८० मध्ये चौथा डॉक्टर टॉम बेकरने निरोप घेतानाच पत्रकारांसमोर पुढची डॉक्टर बाईही असू शकेल अशी पुडी सोडली होती. नियम नियम करत नाचायचं असेल तर आधी मालिका तरी बघा.

आणि तिच्या काळात खरे दोष होते, ढीगभर होते! म्हणून तर जास्त राग येतो. पहिल्या भागाला त्याच रात्री ८० लाखांहून जास्त प्रेक्षक आणि आठवडाभराचे धरून जवळपास १ कोटी १० लाख. म्हणजे लोक बाई बघायला आले होते. गळती पुढे लागली, आणि ती का लागली हे पडद्यावर दिसतं. हंगाम १० भागांचा केला आणि सोबती तीन दिले. पन्नास मिनिटांत डॉक्टर, ग्रॅहम, रायन, याझ, शिवाय त्या भागाचे पाहुणे. प्रत्येकाला वाक्यं वाटता वाटता कथा संपायची, आणि याझ बहुतेक वेळा नुसती उभी. त्या दहा भागांत एकही जुना शत्रू नाही, म्हणजे नव्या डॉक्टरला तोलायला जुनं वजनच नाही. 'केरब्लॅम!'मध्ये कामगारांना पिळणारी कंपनी आहे आणि डॉक्टर अखेर कंपनीच्या बाजूला! २०२० च्या 'द टाइमलेस चिल्ड्रन'मध्ये डॉक्टरचा सगळा भूतकाळ उलटायचा होता, तर तो कसा उलटला? मास्टर बोलत राहतो आणि नायिका अडकून पडून ऐकत राहते. भागाच्या मध्यावर नायिकेला श्रोता करून टाकलं, त्यात जोडी व्हिटेकर काय करणार? हे सगळं मुख्य लेखक क्रिस चिबनलच्या टेबलावरचं. पण टीका कशावर, तर ती बाई आहे यावर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

('द टाइमलेस चिल्ड्रन'ने हार्टनेलच्या आधीचे डॉक्टर आणून मालिका बुडवली म्हणणाऱ्यांनी १९७६ ची 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस' पाहावी. हार्टनेलच्या आधीचे आठ चेहरे त्यात सरळ दाखवलेत, तेही निर्माता, स्क्रिप्ट एडिटर अशा पडद्यामागच्या मंडळींचे फोटो काढून.)

तिच्याच काळात 'डीमन्स ऑफ द पंजाब' आला, नोव्हेंबर २०१८, विनय पटेलने लिहिलेला, १९४७ ची फाळणी. आपल्याकडच्या चाहत्यांनी तरी तो डोक्यावर घ्यायला हवा होता. पण नाही, आपणही इंग्लंडातल्या चिडक्यांच्या ओळी उचलून 'वोक, वोक' करत बसलो. मालिकेच्या पहिल्याच कथेचा दिग्दर्शक, वारिस हुसेन, लखनौमध्ये जन्मलेला आहे. परक्यांनी घुसून मालिका बिघडवली म्हणणाऱ्यांना हेही माहीत नसतं.

गॅटवाचंही तसंच. पहिल्या हंगामात आठ भाग, त्यातले '७३ यार्ड्‌स' आणि 'डॉट अँड बबल' हे दोन जवळपास डॉक्टरशिवाय, कारण चित्रीकरण सुरू झालं तेव्हा त्याचं आधी घेतलेल्या दुसऱ्या एका मालिकेचं काम संपायचं होतं. दोन हंगामांत डालेकशी, म्हणजे डॉक्टरच्या सगळ्यात नामांकित शत्रूंशी, एकही धड सामना नाही. मग 'हा मनात भरलाच नाही' म्हणायचं. भरणार कसा? आठात दोन भाग तो नाहीच!

आकड्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. ब्रिटनमध्ये प्रेक्षकसंख्या तीन प्रकारांनी मोजतात: त्या रात्रीची, सात दिवसांची आणि अठ्ठावीस दिवसांची. २०२४ च्या हंगामात भाग आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर, मध्यरात्रीच टाकले आणि बीबीसी वनवर संध्याकाळी दाखवले. म्हणजे ज्यांना घाई होती ते सकाळीच बघून मोकळे. आणि हे वीर २०२४ चा त्या रात्रीचा आकडा २००८ च्या सात दिवसांच्या आकड्याशेजारी ठेवून 'बघा, कोसळली' म्हणतात. तुलना करायचीच तर सात दिवसांचा सात दिवसांशी करा, आणि त्या वेळी समोर दुसऱ्या वाहिनीवर काय होतं तेही बघा. टॉम बेकरच्या 'सिटी ऑफ डेथ'च्या शेवटच्या भागाला १९७९ मध्ये १ कोटी ६० लाख लोक बसले होते, कारण समोरची वाहिनी आयटीव्ही संपामुळे बंद होती. मॅकॉयला तीन वर्षं आयटीव्हीच्या लोकप्रिय 'कॉरोनेशन स्ट्रीट'समोर उभा केला. आपटला. यात टॉम बेकर थोर आणि मॅकॉय टाकाऊ, हे कुठून सिद्ध झालं?

नव्या डॉक्टरचा निकाल लावायचाच असेल तर पहिल्या कथेवरून लावू नका. पहिल्या कथेत तो अर्धा वेळ बेशुद्ध, गोंधळलेला किंवा कपडे शोधत असतो. मॅट स्मिथच्या 'द इलेव्हन्थ अवर'सारखी नेटकी सुरुवात क्वचितच मिळते. निदान एक हंगाम जाऊ द्या. कॉलिन बेकरसाठी 'व्हेन्जन्स ऑन वॅरोस' बघा. मॅकॉयसाठी 'रिमेंब्रन्स ऑफ द डालेक्स' आणि 'द कर्स ऑफ फेनरिक'. कपाल्डीसाठी 'हेवन सेंट', जवळजवळ पूर्ण भाग तो एकटाच आहे. व्हिटेकरसाठी 'द हॉन्टिंग ऑफ व्हिला डिओडाटी'. गॅटवासाठी 'बूम': अख्खा भाग भूसुरुंगावर पाय ठेवून एका जागी उभा, नुसत्या चेहऱ्यावर आणि आवाजावर काम. हे पाहून मग म्हणा नट कच्चा आहे, ऐकून घेऊ.

पण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये बीबीसीने डिस्नीशी भागीदारी संपल्याचं सांगितलं आणि २०२६ च्या ख्रिसमससाठी मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिसचा एक विशेष भाग जाहीर केला. करार वाहिन्यांचा, मोडला वाहिन्यांनी. तरी त्याच संध्याकाळी खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं? गॅटवाच्या. आणि पुढचा डॉक्टर कोण हे ठरलेलं नसतानाच त्याच्याही नावाने खडे फोडायला सुरुवात!