रंकाळा निळा करावयाचा असल्यास

कोल्हापुरात नवा कॅमेरा घेणाऱ्याने पहिल्या संध्याकाळी रंकाळा तलावावर जावे असा कायदा नाही, तरी तो कसोशीने पाळला जातो. आपणही तो पाळला असेल. चौपाटीच्या कठड्याला टेकून शालिनी पॅलेसच्या मागे बुडणारा सूर्य टिपला असेल, आणि घरी येऊन तो फोटो मोठ्या पडद्यावर पाहताना आपल्या ध्यानात आले असेल की पाणी हिरवट आहे, आकाश फिकट आहे आणि उजव्या कडेला एक गृहस्थ भाजलेले कणीस खात उभे आहेत. म्हणजे फोटोत जसाच्या तसा रंकाळा आला आहे. हा दोष गंभीर असला तरी असाध्य नाही, आणि पुढील सूचना त्याच्याच निवारणार्थ आहेत.

प्रथम काचेच्या फिल्टरांविषयी. ते फोटो काढायला शिकण्याच्या आधी घ्यावेत, कारण शिकायला वर्षे लागतात आणि फिल्टर कुरिअरने तीन दिवसांत घरी येतो. लेन्सबरोबर दुकानदार यूव्ही फिल्टर पुढे करील, तो नाकारू नये. फिल्मच्या काळात अतिनील किरणांमुळे दूरचे डोंगर धूसर, निळसर उमटत, म्हणून तो बसवीत असत. डिजिटल सेन्सरच्या पुढे असे किरण अडवणारी काच कारखान्यातूनच बसवून येते, त्यामुळे आता लेन्सला धूळ आणि ओरखडे यांपासून वाचवणे एवढेच काम त्याच्याकडे उरले आहे. म्हणून हा फिल्टर वर्षभर घरात, वाढदिवसाच्या केकसमोर आणि सत्यनारायणाच्या पूजेत इमानेइतबारे लावून ठेवावा, आणि चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या, गुलालाचे ढग उठू लागले की तेवढ्यापुरता काढून खिशात घालावा. ‘चांगभलं’च्या गजरात लेन्सच्या कड्यांत शिरलेला गुलाल पुढची दोन वर्षे झूम फिरवताना करकरतो आणि यात्रेची आठवण ताजी ठेवतो.

पोलरायझरच्या बाबतीत मात्र सावध राहावे. पाण्यावरची आणि काचेवरची चकाकी तो कमी करतो, आणि सूर्याशी काटकोनात असलेले आकाश गडद करतो. रुंद कोनाच्या लेन्सवर लावला तर आकाशाच्या मधोमध गडद निळा पट्टा उमटतो आणि दोन्ही बाजू पांढुरक्या राहतात. पाहणाऱ्याला वाटते की वरून कोणी शाईची दौत उपडी केली. इथपर्यंत तो आपल्या कामाचा आहे. अडचण अशी की रंकाळ्याच्या पाण्यावरची चकाकी गेली की खालचे शेवाळ, निर्माल्य आणि वेफर्सची रिकामी पाकिटे अधिकच स्पष्ट दिसू लागतात. जे समोर आहे ते आणखी नीट दाखवण्याची खोड असलेला हा फिल्टर असल्यामुळे तो विकत घ्यावा, पाहुण्यांना दाखवावा आणि पुन्हा डबीत ठेवावा.

त्यापेक्षा एनडी फिल्टर गुणी. तो म्हणजे लेन्सचा काळा चष्मा. दहा स्टॉपचा घेतला (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) तर प्रकाश सुमारे हजार पटीने कमी होतो आणि १/१२५ सेकंदात निघणाऱ्या फोटोला आठ सेकंद लागतात. आठ सेकंदांत लाटा एकमेकींत मिसळतात आणि पाणी दुधासारखे दिसू लागते. गंगावेशीत रात्री आपल्यासमोर म्हैस पिळून पेल्यात देतात त्या धारोष्ण दुधाशी या दुधाचा काहीही संबंध नाही, पण कोल्हापूरकराला दूध कोणत्याही रूपात वर्ज्य नसते. शिवाय एवढ्या वेळात कठड्यालगत चालणारी माणसे पुसट होत नाहीशी होतात. उभी असलेली मात्र तशीच राहतात. कणीस खाणाऱ्या गृहस्थांना त्यामुळे आठ सेकंद येरझाऱ्या घालण्याची नम्र विनंती करावी.

तिन्ही फिल्टर एकावर एक चढवता येतात, आणि चढवता येतात म्हणूनच चढवावेत. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तीन काचांचे सहा पृष्ठभाग धरले, तर एनडी जो प्रकाश मुद्दाम खातो तो सोडूनही पाचवा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो. त्यातला काही काचांमध्ये टोले खात राहतो आणि रस्त्यावरच्या एका दिव्याचे तीन दिवे करून दाखवतो. कडांच्या जाडीमुळे चारही कोपरे काळे पडतात. कोणी विचारल्यास ‘ते मुद्दाम केले आहे’ असे सांगावे. (छायाचित्रणात हे वाक्य ट्रायपॉडपेक्षा जास्त उपयोगी पडते.)

एवढ्या खर्चानंतरही फोटोत रंकाळा दिसत राहिला, तर संगणकाकडे वळणे भाग आहे. इथे पहिला निर्णय रॉ की जेपेग हा असतो: रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेले सगळे जसेच्या तसे, जेपेग म्हणजे तेच आवळून लहान केलेले. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये २५६. जोतिबाच्या पायऱ्या उतरून चढून ज्याचे गुडघे धरले आहेत, त्याला सोळा हजार पायऱ्यांचे आकर्षण कशाला असेल? जेपेगच निवडावे. पुढे आकाशाचा निळा रंग ताणला की त्यात पंचगंगेच्या घाटासारखे पट्टे उमटतात, आणि घाटाचा वेगळा फोटो काढण्याचे श्रम वाचतात.

रंग वाढवण्यापूर्वी इतिहासाचे थोडे भान असावे, कारण आपण कलापुरात राहतो आणि खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्मारकावरून रोज दुचाकी वळवतो. बाबूराव पेंटर यांनी मूकपटांच्या काळात याच गावात स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा घडवला. त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म निळ्या-हिरव्या प्रकाशाला जागी होई आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी असे. म्हणून तर ती अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली धुता येई, आणि म्हणूनच कपाळावरचे कुंकू पडद्यावर काळे दिसे. म्हणजे तांबडी माती, तांबडा रस्सा आणि तांबड्या मिरचीचे वाळवण असलेल्या या गावाने स्वतःचा कॅमेरा तयार केला, तेव्हा गावाचा मुख्य रंगच त्यात उमटत नव्हता. हा अन्याय धुऊन काढण्याची संधी आपल्या हाती आली आहे, आणि सॅच्युरेशनची, म्हणजे रंगांच्या भडकपणाची, पट्टी उजव्या टोकापर्यंत सरकवली की तो एका झटक्यात, चक्रवाढ व्याजासह धुऊन निघतो.

रश्श्यावरच प्रयोग करून पाहावा. तांबड्या रश्श्याच्या वाटीत मुळात पाच-सहा रंग असतात: वर तरंगणाऱ्या कटाचा नारिंगी, खालचा विटकरी, मसाल्याचा काळपट, कोथिंबिरीचा हिरवा. जेपेगमध्ये लाल रंगाचा आकडा २५५ च्या वर जात नाही. पट्टी टोकाला नेली की नारिंगी आणि विटकरी दोघेही त्या छताला जाऊन चिकटतात, त्यांच्यातला भेद संपतो, आणि वाटीत रस्सा आहे की पिंजर हे घरच्या माणसालाही सांगता येत नाही. पांढऱ्या रश्श्याला याउलट उपचार लागतो. खानावळीतल्या पिवळ्या दिव्याखाली तो पिवळसर दिसतो, नारळाचे दूध आणि खसखस यांमुळे मुळातही थोडा तसाच असतो, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे कशाला म्हणावे ते ठरवणारी पट्टी, निळ्याकडे इतकी ओढावी की कालवलेला चुना दिसू लागेल. मग ‘अस्सल कोल्हापुरी’ असे लिहून पाठवावे.

आता आकाश. २०२० पासून फोटोशॉपमध्ये एका कळीसरशी आकाश बदलून मिळते, त्यामुळे प्रत्यक्षात ढग येण्याची वाट पाहणे हा निव्वळ आळस ठरतो. चित्रकार आबालाल रहमान रंगपेटी घेऊन कोटीतीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या काठी जाऊन बसत आणि बदलत्या उजेडामागे धावत, कारण त्यांच्याकडे तयार आकाशांची यादी नव्हती. आपल्याकडे ती आहे. शालिनी पॅलेसच्या काठावरून शहराकडे तोंड करून काढलेल्या फोटोतही सूर्यास्त बसवता येतो, आणि मग सूर्य अंबाबाईच्या मंदिराच्या दिशेला, म्हणजे पूर्वेला मावळतो. झाडांच्या सावल्या त्याच सूर्याकडे पडलेल्या असतात, पण सावल्यांकडे पाहतो कोण?

एखादा जाणता कोल्हापूरकर पाहतो. तो म्हणेल की मंदिर पश्चिमाभिमुख आहे, मावळतीचा सूर्य देवीच्या समोरून येतो, आणि म्हणूनच तर किरणोत्सव होतो. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, अख्खे गाव घड्याळाकडे डोळे लावून बसते. किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून, पितळी उंबऱ्यावरून आत शिरतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते की काल ती चरणांपर्यंत पोहोचली, कमरेपर्यंत पोहोचली, की वाटेतल्या एखाद्या इमारतीने किंवा ऐन वेळी आलेल्या ढगाने अडवली. फोटोवर गोलाकार ग्रेडियंट, म्हणजे कडेला विरत जाणारा गोल, काढून त्यातला उजेड वाढवला तर हा सोहळा बारा महिने, पावसाळ्यातसुद्धा, मुखापर्यंत करता येईल. ही सोय महाद्वार रोडवर उभे राहून मोठ्याने सांगण्याचे धाडस प्रस्तुत लेखकाने अद्याप केलेले नाही; ते वाचकांपैकी कोणी करावे.

माणसांच्या चेहऱ्यांना सगळ्यात कमी वेळ लागतो, कारण तिथे फोन आपण होऊनच सगळे करतो. त्वचा मऊ करतो, रंग दोन पायऱ्या उजळवतो, हनुवटी निमुळती करतो. लग्नासाठी फिरणाऱ्या बायोडाटांमधील मुले-मुली एकाच आईबापांची वाटू लागली आहेत, आणि त्यामुळे गोत्र पाहण्याचे महत्त्व पुन्हा वाढले असावे. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर दादा, भाऊ, आबा आणि खाली रांगेने चिकटवलेले चाळीस शुभेच्छुक अशा सर्वांना एकाच डब्यातला रंग दिलेला असतो. हे सगळे ठीकच आहे. पण फोन पैलवानावर चालवून पाहावा, त्याची खरी ताकद तिथे कळते. तालमीत वर्षानुवर्षे घासून, रगडून पैलवानाचा कान चुरगळतो आणि कायमचा गड्ड्यासारखा होतो. हा कान म्हणजे त्याचे प्रमाणपत्र. रस्त्यात अनोळखी माणूस तो कान पाहून बाजूला सरतो आणि चहावाला पैसे घेत नाही. सौंदर्याच्या फिल्टरला मात्र तो कान म्हणजे बिघाड वाटतो. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसलेल्या एका वस्तादांचा मी फोटो काढला आणि फोनने तो परस्पर सुधारला: अंगावरची तांबडी माती म्हणजे डाग समजून पुसली, कपाळावरची जखमेची खूण भरली, कान गुळगुळीत करून ठेवला. वस्तादांनी फोटो बराच वेळ हातात धरला आणि विचारले, ‘हे बँकेतलं साहेब कोण म्हणायचं?’

पन्हाळ्याबद्दल एक इशारा देणे कर्तव्य आहे. आषाढात तीन दरवाजापाशी धुके एवढे दाट असते की पुढे चालणारा माणूस छत्रीसकट विरघळतो. प्रस्तुत लेखकाने तिथे काढलेल्या फोटोवर घरी आल्यावर डिहेझची पट्टी चालवली आणि धुके खरोखर हटले. मागे करड्या दाण्यांची रांगोळी, काळी ओली भिंत आणि कडेला लावलेला एक टेंपो एवढे शिल्लक राहिले. पन्हाळा पाहायला चार तास भिजत गेलो होतो तो पन्हाळा त्या पट्टीबरोबर गेला, आणि पट्टी मागे आणायची तर मूळ फाइल मी शहाणपणा करून आधीच पुसली होती. आपणही पुसावी. मूळ फाइल ठेवली की माणसाला पश्चात्तापाची सोय राहते.

तयार झालेला फोटो पुनःपुन्हा जेपेगमध्ये साठवावा. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील टाकून देते, आणि दर वेळी उघडून, हात फिरवून, पुन्हा साठवले की आणखी थोडा टाकते. चार-पाच फेऱ्यांत आकाशात फरशी बसवल्याचा भास होतो. त्यानंतर तो व्हॉट्सअॅपवर साध्या दर्जात पाठवावा, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे दोनसुद्धा उरत नाहीत. मामांनी तो स्क्रीनशॉट घेऊन काकांना पाठवला की काम पुरे झाले. खाली ‘नो फिल्टर’ लिहायला विसरू नये. खरे पाहता कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर लाल, हिरवा किंवा निळा असा एक इवलासा फिल्टर असतोच, त्यांतले निम्मे हिरवे, आणि उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. पण ही माहिती कोणी विचारल्याशिवाय देऊ नये, विचारली तर ‘ते मुद्दाम केले आहे’ हे वाक्य आहेच.

एवढे झाल्यावर एक अडचण उद्भवते, तिचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा. आपला निळाशार रंकाळा पाहून पुण्याचे साडू सहकुटुंब येतात आणि संध्याकाळी चौपाटीवर उभे राहून विचारतात, ‘तो तलाव कुठे आहे हो?’ अशा वेळी वाद घालू नये. त्यांना कठड्यावर तलावाकडे पाठ करून बसवावे, हातात भेळ द्यावी आणि आपला फोन, उजेड पूर्ण वाढवून, त्यांच्यासमोर धरावा. ते रंकाळा बघतील, वाहवा करतील, आणि मग भेळेचाही एक फोटो काढायला घेतील. आधी अँगल, मग फिल्टर, मग तांबड्या चटणीचा लाल जरा वाढवायचा, शेवेचा पिवळा उजळायचा, मागे कोणी कणीस खात उभे असेल तर त्यांना पुसायचे. घाई करू नये. तोवर भेळ मऊ पडते, ती आपण संपवावी.