रणगाडा हवेत तरंगतो तेव्हा

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा गोषवारा असा: लष्कराचे एकमेकांना जोडलेले सिम्युलेटर (सरावासाठीचे नकली रणगाडे, विमानं) म्हणजे महागडा ऑनलाइन गेम, एका मोठ्या सर्व्हरवर सगळ्यांचं एकच युद्ध चालतं, १९९१ साली इराकविरुद्धची ‘७३ ईस्टिंग’ची लढाई अमेरिकेने त्याच जोरावर जिंकली, संगणकावर जो जिंकतो तोच रणांगणावर जिंकतो, तेव्हा मैदानी सराव आता बंद करा.

‘एक सर्व्हर, एकच युद्ध.’ इथेच पहिली गाडी रुळावरून घसरते. १९८३ मध्ये डार्पाने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, सिम्युलेटर नेटवर्कने जोडणारा सिमनेट हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा त्याचे प्रणेते जॅक थॉर्प आणि मंडळींनी मध्यवर्ती संगणक मुद्दाम टाळला. प्रत्येक सिम्युलेटरकडे भूप्रदेशाची स्वतःची प्रत असते. रणगाड्याने इतरांना फक्त स्वतःपुरतं कळवायचं: मी इथे आहे, या दिशेने, या वेगाने चाललोय. गोळा लागला तर नुकसान किती झालं, हेसुद्धा ज्याला लागला त्याचाच संगणक ठरवतो. (गेममध्ये असा विश्वास टाकला असता तर कोणी मेलंच नसतं.)

ताशी ३६ किलोमीटरने जाणारा रणगाडा सेकंदाला १० मीटर सरकतो. प्रत्येक हालचालीचा निरोप धाडायचा म्हटलं तर शेकडो वाहनांच्या गर्दीत नेटवर्क गुदमरेल. म्हणून बाकीचे सिम्युलेटर शेवटच्या निरोपावरून त्याला अंदाजाने पुढे सरकवत राहतात. तोच अंदाज रणगाड्याचा स्वतःचा संगणकही बाजूला चालवत असतो. खरी जागा आणि अंदाज यांत ठरलेल्यापेक्षा जास्त फरक पडला की नवा निरोप सुटतो. याला डेड रेकनिंग म्हणतात, मूळ शब्द खलाशांचा. थोडक्यात, समोरच्या पडद्यावर दिसणारा शत्रू बराच वेळ निव्वळ अंदाज असतो. निरोपाला ०.२ सेकंद उशीर झाला आणि त्याची भरपाई केली नाही, तर हा रणगाडा २ मीटर मागे दिसेल आणि सेकंदाला ३०० मीटर कापणारं विमान तब्बल ६० मीटर.

ही पद्धत १९९३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १२७८ क्रमांकाच्या मानकात आली, २००० मध्ये आयईईई १५१६ म्हणजे वेगवेगळी सिम्युलेशन जोडणारं हाय लेव्हल आर्किटेक्चर आलं. पण मानक निरोपांची देवाणघेवाण बसवून देतं, टेकडीचा आकार नाही. एका सिम्युलेटरने टेकडी बारीक त्रिकोणांनी रचलेली असते, दुसऱ्याने ढोबळ. माझ्या पडद्यावर मी धारेआड लपलोय. तुमच्या पडद्यावर तीच धार दीड मीटर बुटकी, आणि माझा टरेट (तोफेचा फिरता बुरूज) उघडा. कुठे रणगाडा जमिनीत रुतलेला दिसतो, कुठे हवेत तरंगताना. हसू येतं खरं, पण तरंगणारा रणगाडा लांबून अलगद टिपता येतो. दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळतेय ना, यावरच या क्षेत्रातल्या लोकांचा केवढा तरी वेळ जातो. ‘फेअर फाइट’ हा शब्द त्यांच्या तोंडी सतत असतो, तो यामुळे.

‘महागडा गेम.’ दिसतो तसा, मान्य. सिमनेटची चित्रं तर त्या मानाने ओबडधोबडच होती, आणि तेही ठरवून: शिकण्यापुरतं हवं तेवढंच खरं ठेवायचं. रणगाड्यातल्या चौघांनी बंद खोक्यात बसायचं, छोट्या झरोक्यांतून पाहायचं, रेडिओवर बोलायचं. सराव त्या चौघांच्या ताळमेळाचा.

‘७३ ईस्टिंग.’ हे गाव नव्हे, इराकच्या वाळवंटातली नकाशावरची एक उभी रेघ. २६ फेब्रुवारी १९९१ ला वाळूच्या वादळात अमेरिकी कॅप्टन मॅकमास्टर यांच्या ईगल ट्रूप या रणगाडा तुकडीने साधारण २३ मिनिटांत इराकी फळी फोडली. उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणींमुळे त्यांना धुरळ्यातही दिसत होतं. सिमनेटचं नाव या लढाईशी मुख्यतः जोडलं जातं ते ती संपल्यानंतरच्या कामामुळे: जवानांच्या मुलाखती आणि नोंदी गोळा करून ती त्यावर पुन्हा उभी केली गेली. ‘त्याच जोरावर जिंकली’ हे त्यातून सिद्ध होत नाही.

‘संगणकावर जिंकला तो जिंकला.’ २००२ चा अमेरिकी लष्कराचा मिलेनियम चॅलेंज आठवा. सुमारे २५ कोटी डॉलरचा सराव, प्रत्यक्ष तुकड्या आणि ठिकठिकाणचे सिम्युलेशन एकत्र जोडलेले. शत्रूची भूमिका निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे. त्यांनी निरोप मोटारसायकलवरून पाठवले, क्षेपणास्त्रं आणि छोट्या बोटींचा एकदम मारा केला आणि पडद्यावर १६ युद्धनौका बुडवल्या. मग? नौका पुन्हा तरंगवल्या आणि सराव पुढे चालू ठेवला. आयोजकांची अडचणही समजते, हजारो माणसं पुढच्या टप्प्यासाठी ताटकळत होती. पण त्यानंतर शत्रूचे हात इतके बांधले गेले की व्हॅन रायपर बाजूला झाले. अशा निकालावर ‘संगणक म्हणतो’ असा शिक्का मारायचा असेल तर नियम कोणी लिहिले आणि मध्येच कोणी बदलले, तेही सोबत छापावं.

‘मैदानी सराव बंद करा.’ जोडलेल्या सिम्युलेटरवर एकच हल्ला दिवसात अनेकदा करून पाहता येतो, इंधन न जाळता. सिमनेटमध्ये ‘उडता गालिचा’ होता: झालेली चकमक पुन्हा चालवायची आणि त्यावर बसून कुठूनही पाहायची. हे मैदानावर जमत नाही. मात्र रणगाड्याचा निखळलेला ट्रॅक (चाकांवरचा साखळी पट्टा) पडद्यावर ‘दुरुस्त झाला’ असं धरून पुढे जाता येतं. चिखलात तोच ट्रॅक चौघांना हाताने चढवावा लागतो.