दोर ओढाल तिकडेच झाड पडतं?

पावसाळा जवळ आला की गावच्या ग्रुपवर हा सल्ला फिरू लागतो: ‘चेनसॉ आणा, शेंड्याला दोर बांधा, मागून आरपार कापा. ओढाल तिकडे झाड पडेल. एकट्याचं काम, पाच मिनिटं. आपल्याच बांधावरचं झाड, परवानगी कशाला?’

आधी ‘आरपार’, कारण खरा घोळ तिथेच आहे. झाडाला दिशा देतं ते न कापलेलं लाकूड. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची, बुंध्याच्या जाडीच्या पाव हिश्श्यापर्यंत. मग मागून कापत यायचं, पण खाचेला भिडायचं नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढं लाकूड राखायचं. 40 सेंमीच्या बुंध्याला खाच 8 ते 10 सेंमी, राखलेलं लाकूड 4 सेंमी. झाड कलताना तेच बिजागरीसारखं धरून ठेवतं. तेही कापलंत की झाड बुंध्यावरून घसरून कुठेही जाईल. मागच्या कापात प्लास्टिकची किंवा लाकडी पाचर ठोकत राहा, नाहीतर झाड मागे बसतं आणि पातं अडकतं.

एका बाजूला बरंच झुकलेलं झाड तर मागून नुसतं कापत गेलात की मधेच उभं चिरतं. चिरलेलं फाळकं उसळतं ते कापणाऱ्याच्या तोंडावर. अशा झाडाला नवख्याने हात लावू नये.

दोराचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण 12 मीटरचं झाड 8 मीटरवरून ओढणारा नेमका झाडाखाली सापडतो.

‘एकट्याचं काम’? जखम झाली तर हाक कोणाला मारणार? सोबती हवाच, मात्र झाडाच्या दुप्पट उंचीइतका लांब. व्हिडिओ काढणारेही तिथेच. आणि लुंगी नेसून चेनसॉ चालवणाऱ्यांना काय सांगावं! पात्याच्या टोकाची वरची बाजू कशाला टेकली की यंत्र उलट उसळतं. साखळी झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक नीट काम करणारा हवा, डोक्यावर जाळीचं हेल्मेट हवं.

परवानगीचं म्हणाल तर 1964 च्या राज्य कायद्यात आंबा, फणस, साग, खैर अशी झाडं अनुसूचित आहेत. मालकीची असली तरी परवानगी लागते. शहरांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे.

राहिली पाच मिनिटं. ती तर पळवाट साफ करण्यातच जातात. झाड कलू लागलं की मागे तिरकं निघायचं, सरळ मागे नाही, कारण बुंधा तिकडेच उसळू शकतो. आणि कापायला लागण्याआधी वर वाळकी फांदी लटकलेली नाही ना, ते पाहा.