खुलासा : ‘100 वॉटमधले 90 वॉट हवेत’ हे खरे नाही

हॅम मंडळींच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 136 किलोहर्ट्झच्या रेडिओ प्रक्षेपणासाठी क्लास-डी (स्विचसारखा चालणारा) ॲम्प्लिफायर बांधा, कार्यक्षमता 90 टक्के, म्हणजे 100 वॉट दिले की 90 वॉट हवेत, फिल्टरचीही गरज नाही.

90 टक्के हा आकडा ठीकच आहे. मॉसफेट (ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर) इथे नुसता स्विच असतो, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, म्हणून कमी तापतो. पण ते 90 वॉट अँटेनापर्यंत पोचतात, हवेत नाही. तरंगलांबी सुमारे 2200 मीटर. 15 मीटरच्या साध्या उभ्या तारेचा रेडिएशन रेझिस्टन्स (अँटेनाच्या रोधाचा लहरी हवेत सोडणारा भाग) जेमतेम 0.02 ओहम (सूत्र मांडून कुणीही पडताळावे). लोडिंग कॉइल (आखूड तार जुळवून घेणारी गुंडाळी) आणि जमीन मिळून तोटा 40 ओहम धरला, तर हवेत जातात सुमारे 45 मिलिवॉट! म्हणून जमिनीतला तोटा कमी करायला खरी मेहनत अर्थिंगवर हवी.

फिल्टरचे म्हणाल तर, अशा स्विचमधून निघणाऱ्या चौकोनी लहरीत तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेची नको असलेली लहर) उंचीने मूळ लहरीच्या एक तृतीयांश असतो, 408 किलोहर्ट्झवर. पुश-पुल जोडणीत (दोन मॉसफेट आळीपाळीने चालतात) फक्त सम हार्मोनिक दबतात, तिसरा नाही. म्हणून लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) लावायलाच हवा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.