सोयाबीन नव्हे, जागरण खातंय आमच्या पोरांना

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या पोरांनी पाठवला. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि सकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसोबत ग्राउंडवर असतो. मी डॉक्टर नाही. पण मेसेज वाचून एका पोरानं आईला दळणात सोयाबीन टाकायला मनाई केली, तेव्हा गप्प बसणं बरोबर वाटलं नाही. ती माय पाच किलो गव्हात अर्धा किलो सोयाबीन घालायची. त्या घरातलं सगळ्यात स्वस्त प्रथिन एका मेसेजनं बंद झालं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सोयाबीन आणि जवसामुळं पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषपणाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) संपतं आणि छाती बाईसारखी होते. वरण-भाकरीत ताकद नाही, रोज सहा कच्ची अंडी आणि शंभर ग्रॅम तूप खा. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे शंभर थेंब, तो वाया घालवू नका. खऱ्या गड्याला चार तास झोप पुरते. एवढ्यानं जमलं नाही तर चूर्ण घ्या किंवा इंजेक्शन, एकवीस दिवसांत फरक दिसेल.

सोयाबीनपासून सुरू करतो, कारण ते आपल्या वावरात पिकतं. देशातलं बहुतेक सोयाबीन मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून पिकवतात, आणि आपण ते पोत्यात भरून बाजारात नेतो, खात मात्र जवळजवळ नाही. त्यातल्या आयसोफ्लेव्होन या द्रव्यांची रचना स्त्रियांच्या इस्ट्रोजेन संप्रेरकासारखी दिसते, हे खरं आहे. भीतीचं मूळही खरं आहे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. त्या गवतात अशीच द्रव्यं भरपूर होती. पण त्या मेंढ्या दिवसभर तेच गवत खात होत्या, आणि मेंढीचं पोट माणसाचं नाही. आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनच्या तुलनेत फार दुबळं असतं. पुरुषांवर झालेले एक्केचाळीस अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये तपासले गेले. सोया खाणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन घटलेलं आढळलं नाही, इस्ट्रोजेन वाढलेलं आढळलं नाही.

मग सोयानं छाती सुजल्याची, ताकद गेल्याची गोष्ट? तीही खोटी नाही. २००८ मध्ये साठ वर्षांच्या एका माणसाची नोंद झाली, तो रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होता. २०११ मध्ये एकोणीस वर्षांच्या एका मुलाची नोंद झाली, त्याची छाती नव्हती सुजली, पण टेस्टोस्टेरॉन आणि कामेच्छा घटली होती; त्याच्या पोटात रोज सुमारे ३६० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन जात होतं. दोघंही सोया सोडल्यावर सुधारले. आपल्याकडं कोणी तीन लिटर सोया दूध पितो का? दळणात मिसळलेलं किंवा भाजून खाल्लेलं मूठभर सोयाबीन त्या मुलाच्या मात्रेच्या जवळपासही जात नाही. काळजी एकच घ्यायची: सोयाबीन कच्चं खायचं नाही. त्यात प्रथिनाचं पचन अडवणारा घटक असतो, तो चांगलं भाजल्या-शिजवल्यावर जातो.

छातीचं एक आणखी सांगायला हवं, कारण पोरं हे कोणाला विचारत नाहीत. तेरा-चौदाव्या वर्षी छातीच्या बोंडामागं दुखरी गाठ येणं फार सामान्य आहे, निम्म्याच्या आसपास मुलांना ती येते. वयात येताना संप्रेरकांचं प्रमाण वरखाली होतं, त्यातून ती येते आणि बहुतेकांची एक-दोन वर्षांत विरते. दहावीतल्या एका मुलानं या गाठीपायी वर्षभर नदीवर अंघोळ केली नव्हती. त्याला वाटलं, शाळेत खाल्लेल्या सोयावडीनं झालं. मोठ्या वयात गाठ आली, एकाच बाजूला आली किंवा वाढत राहिली तर मात्र डॉक्टरला दाखवावीच.

जवसाचं थोडक्यात. भाकरीसोबत चमचा-दोन चमचे जवसाची चटणी आपले आजे-पणजे खात आले. तेवढ्यानं तरण्या पोराचं टेस्टोस्टेरॉन बुडतं असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. चटणी खा.

वरण-भाकरीत ताकद नाही, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण पन्नास ग्रॅम प्रथिन लागतं, पळणाऱ्या, मेहनत करणाऱ्या पोराला त्याहून जास्त. आता हिशेब मांडू. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून वीस ग्रॅम, पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीतून अकरा, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून बारा, तीस ग्रॅम भाजलेल्या सोयाबीनमधून दहा-अकरा. झाले पन्नासच्या वर, तेही अंड्याला हात न लावता. दोन उकडलेली अंडी असतील तर आणखी बारा-तेरा. अंडी जरूर खा, पण कच्ची नको. कच्च्या अंड्यातलं प्रथिन शिजलेल्यापेक्षा बरंच कमी अंगी लागतं, आणि पोट बिघडण्याचा धोका वेगळाच.

तुपाबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनतं, आणि जेवणातली स्निग्धता फार कमी केली तर ते थोडं घटू शकतं. म्हणून 'कटिंग'च्या, म्हणजे चरबी उतरवण्याच्या नादात फोडणी बंद करणाऱ्या पोरांना मी टोकतो. पण शंभर ग्रॅम तूप म्हणजे नऊशे कॅलरी. शरीर लागेल तेवढं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतं, वरून ओतलेलं तूप पोटावर साठतं. पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, म्हणजे ज्यासाठी तूप खाल्लं त्याच्या उलटंच होतं. वजन खरोखर जास्त असलेल्या पोरानं ते उतरवलं तर टेस्टोस्टेरॉन वाढतं, याला चांगला आधार आहे.

मेसेजमध्ये जस्ताचा (झिंकचा) शब्दही नाही, आणि अन्नाचा संप्रेरकांशी संबंध तिथं सगळ्यात स्वच्छ दिसला आहे. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६० च्या आसपास इराणमध्ये आणि मग इजिप्तमध्ये असे तरुण पाहिले की विशीत असूनही अंगानं लहान मुलासारखे, दाढी-मिशी नाही. मुख्य खाणं न आंबवलेली रोटी. इजिप्तमधल्या अशा मुलांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढू लागली, ती वयात येऊ लागली. नुसत्या धान्यावर जगणाऱ्या माणसाला जस्त कमी पडतं, कारण धान्यातलं फायटेट ते धरून ठेवतं. त्यावरचे उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहेत: कडधान्याला मोड आणणं, डाळ भिजवणं, ज्वारीची आंबील. तिळात जस्त चांगलं असतं, मटणात आणि अंड्यातही. भारतीय पुरुषासाठी दिवसाला १७ मिलिग्रॅमची शिफारस आहे. पण ज्याला कमी नाही त्यानं गोळ्या खाऊन टेस्टोस्टेरॉन वर जात नाही.

वीर्याच्या थेंबाचा दावा मी वर्गात नेहमी ऐकतो, कुजबुजत. वीर्य रक्तापासून गाळून बनत नाही. त्यातला बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, शुक्राणूंचा वाटा पाच टक्क्यांहून कमी. शुक्राणू रोज नव्यानं बनतात, प्रत्येकाला तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. झोपेत वीर्य जाणं हे वयात आलेल्या शरीराचं नेहमीचं काम आहे. थकवा, चक्कर, उदासी या सगळ्याला 'धातू जातो' म्हणणाऱ्या पोरांसाठी मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हा शब्द दिला. त्या पोरांचा त्रास खरा असतो. तो येतो भीतीतून, आणि असे मेसेज ती भीती वाढवतात.

आता झोप. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, आणि आपल्या भागात ते सहज पटतं.

टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं. डोळा लागला की ते चढायला लागतं, पहाटेपर्यंत शिगेला पोचतं, दिवसभर उतरत जातं. २०११ मध्ये शिकागोत दहा निरोगी तरुणांना, सरासरी वय चोवीस, आठ रात्री पाचच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटलं. वयानुसार होणारी घट वर्षाला एक-दोन टक्के असते, त्याच्याशी ताडून पाहा. तिथं सोयाबीनचा प्रश्नच नव्हता, त्यांना फक्त पुरेसं झोपू दिलं नव्हतं.

आता आमचा पोरगा पाहा. शेतीच्या फिडरला थ्री फेज लाईन आठवडाभर दिवसा, मग आठवडाभर रात्री. हरभरा-गव्हाच्या दिवसांत रात्रीची पाळी आली की बाप म्हातारा, म्हणून पिकाला पाणी द्यायला पोरगा वावरात. लाईन नसली तरी रानडुकरं आणि रोही (नीलगायी) आहेतच, म्हणून जागल, म्हणजे रातभर राखण. जागं राहायला खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), चहा आणि मोबाईल. पहाटे पाचला तोच पोरगा ग्राउंडवर सोळाशे मीटर मारायला हजर.

नोव्हेंबरात एकाला मी विचारलं, "झोपतोस कवा मंग?"

"झोपतो ना सर. लाईन गेली की वावरातच मोटारीपाशी पडतो घंटाभर. मंग कॉलेजात डोये मिटते."

त्याची सोळाशे मीटरची वेळ महिनाभरात वीस सेकंदांनी वाढली होती. त्यानं चूर्ण मागवलं होतं.

कमी झोप, कमी खाणं आणि वर मेहनत एकत्र आली की काय होतं, हे अमेरिकी लष्करानं आपल्याच जवानांवर मोजून ठेवलं आहे. रेंजर प्रशिक्षणाच्या आठ आठवड्यांत दिवसाला सुमारे हजार कॅलरींचा तुटवडा आणि तुटपुंजी झोप. धट्टेकट्टे तरुण, पण काहींचं टेस्टोस्टेरॉन अंडकोष काढलेल्या माणसाच्या पातळीपर्यंत खाली आलं. पोटभर अन्न आणि विश्रांती मिळताच ते झपाट्यानं सावरलं. त्यासाठी कोणाला औषध द्यावं लागलं नाही. आमच्या पोरांची रब्बी त्या प्रशिक्षणापेक्षा फार वेगळी नाही, फरक एवढाच की कोणी मोजत नाही.

कामाची गोष्ट ही की टेस्टोस्टेरॉन घड्याळापेक्षा झोप जास्त पाहतं. दिवसा झोपलेल्या माणसातही ते झोपेत चढतं. म्हणून रात्रीची लाईन टळत नसेल तर झोपेची वेळ हलवा, झोप तोडू नका. संध्याकाळी जेवून लाईन येईपर्यंत तीन तास झोप काढा, परत आल्यावर अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास. टिनाखाली उकडतं म्हणून अंगणात बाज टाकली तरी चालेल, मच्छरदाणी लावा, डोळ्यांवर दुपट्टा घ्या. खर्रा झोपेच्या आधी तोंडात नको, निकोटीन मेंदूला जागं ठेवतं. (तोंड उघडेनासं होणं आणि कॅन्सर हे त्याचे गुन्हे तर वेगळेच.) दारूनं झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते, आणि रोजची दारू अंडकोषांवरच घाव घालते.

इंजेक्शनबद्दल मला राग आहे. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडकोषांना हुकूम सोडते, तेव्हा टेस्टोस्टेरॉन बनतं. बाहेरून टोचलं की पिट्युटरीला वाटतं भरपूर आहे, आणि ती हुकूम थांबवते. अंडकोष आक्रसतात, शुक्राणू बनणं बंद होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनची चाचणी प्रसिद्ध केली होती, ती पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून. निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर गेले. आणि तेच औषध तालुक्याच्या जिममध्ये मर्दानगी म्हणून विकलं जातं, वीस-बावीस वर्षांच्या, लग्न व्हायच्या पोरांना. इंजेक्शन सोडल्यावर शुक्राणू परत यायला महिनोन्‌महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त.

रक्त तपासायचं असेल तर तेही नीट. गेल्या हिवाळ्यात एक पोरगा रातभर ओलित करून (पिकाला पाणी देऊन) संध्याकाळी तालुक्याच्या एका लॅबमध्ये रक्त देऊन आला आणि कमी आकडा पाहून खचला. ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि नीट झोप झाल्यावर करतात, आणि कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. निरोगी, लठ्ठ नसलेल्या तरुणांमध्ये २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर इतका मोठा पट्टा नॉर्मल धरला जातो. ३५० वाला ७०० वाल्याच्या निम्मा पुरुष नसतो. पण अठराव्या वर्षापर्यंत दाढी-मिशी नाही, अंडकोष फार लहान आहेत किंवा एक खाली उतरलेलाच नाही, नाकाला वास कळत नाही, कामेच्छा महिनोन्‌महिने मेलेली आहे, तर लाज सोडून सरकारी दवाखान्यात जा. यावर उपचार आहेत आणि ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच होतात.

त्या माऊलीच्या दळणात सोयाबीन परत आलं आहे, मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. ग्राउंडवर आता एक फळा टांगला आहे. ज्यांची रात्रीची लाईन आहे त्यांची नावं रविवारी त्यावर लिहितो. या आठवड्यात सात नावं आहेत. ते सातही जण सकाळी यायचे नाहीत. त्यांची धाव संध्याकाळी साडेपाचला, झोप झाल्यावर.