पोरांनी काढलेले फोटो उडवणाऱ्या आईबाबांनो

आज संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला, बोटींच्या धक्क्याजवळ, पाचेक वर्षांची एक चिमुरडी बाबांच्या फोनवर आईबाबांचा फोटो काढत होती. बाबांनी फोन ओढून घेतला. "अगं, डोकी कुठायत आमची? काही जमत नाही तुला!" असं म्हणत तिच्यादेखत एकेक फोटो उडवला आणि वर स्वतः सेल्फी काढला. डोकंच फिरलं.

अहो, डोकी कापली गेली ती तुमच्यामुळे! पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर. म्हणजे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर, तुमच्या पट्ट्याच्या रेषेत. पोर फोन आडवा धरून सरळ समोर बघतं आणि तुम्ही चार फुटांवर खांबासारखे उभे. मग फ्रेममध्ये पट्टाच येणार. आठ-दहा फूट मागे सरका, नाहीतर पायरीवर बसा. पोराला एवढंच सांगा, "चपलेपासून केसांपर्यंत सगळं दिसतंय का बघ."

फोन महाग असतो, पडला तर भुर्दंड, मान्य. मग फोन देऊच नका. घरोघरी कपाटात एखादा जुना डिजिटल कॅमेरा पडलेला असतो, तो काढा. आधी बॅटरी बघा. फुगली असेल तर वापरायची नाही. मग फोटो साठवायचं कार्ड. इथे हमखास घोळ होतो. २००६ च्या आधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एसडीएचसी, म्हणजे २ जीबीपेक्षा मोठं कार्ड चालतच नाही, २ जीबीपर्यंतचं साधं एसडीच लागतं. लोक हौसेने ३२ जीबीचं आणतात, स्क्रीनवर 'कार्ड एरर' आलं की कॅमेरा बिघडला म्हणून भंगारात देतात. कार्डाच्या कडेला एक पिटुकली खिट्टी असते, ती खाली सरकली असेल तरी फोटो साठवला जात नाही. दोरी मनगटात अडकवा, गळ्यात नको, खेळता खेळता कुठेतरी अडकते.

खेळण्यातले प्लास्टिकचे कॅमेरे घेऊ नका असं माझं मत. डब्यावरचे मेगापिक्सेल बहुतेक वेळा फुगवलेले असतात, आणि बटण दाबल्यावर फोटो इतक्या उशिरा निघतो की मांजर पळून गेलेलं असतं.

झूम आणि फ्लॅश सुरुवातीला बंद. लहान मुलं बटणावर बोट आपटतात, त्या धक्क्याने फोटो हलतो. दोन्ही हातांनी धरायचं, कोपरं पोटाशी, बटण हळूच दाबायचं. (ती चिमुरडी नेमकी तशीच उभी होती! कोणी शिकवलं होतं कोण जाणे.) सहा-सात वर्षांच्या मुलाला अर्धं बटण दाबायला शिकवा: हिरवा चौकोन दिसला की मग पूर्ण दाब. मुंगीचा फोटो धूसर येतो, कारण पोर लेन्स तिच्या नाकाला लावतं. कॅमेऱ्यावर फुलाचं चिन्ह असलेलं बटण असतं, ते दाबलं की जवळचं स्पष्ट येतं. नाहीतर हातभर मागे यायचं. आणि लेन्सवर बोटांचे ठसे असतातच, मऊ सुती कापडाने पुसा. सूर्याकडे कॅमेरा रोखायचा नाही, हे मात्र दटावून सांगा.

"काढ काय काढायचं ते" म्हणून सोडून दिलं की दोनशे फोटो निघतात आणि पोर कंटाळतं. कोडॅकने १९०० साली एक डॉलरचा पुठ्ठ्याचा ब्राउनी कॅमेरा मुलांसाठी काढला, त्याच्या रोलमध्ये सहाच फोटो निघायचे. तुम्ही बारा ठरवा. आज फक्त गोल वस्तू. किंवा फक्त सावल्या, त्या उपवन तलावावर संध्याकाळी पाचनंतर लांबलचक मिळतात.

स्क्रीनचा वेळ वाढतो म्हणाल. बरं, वाढतो. पण रील बघत बसणं आणि हे एक नाही, तुम्हालाही ठाऊक आहे.

घरी आल्यावर बारातले तीन पोराने निवडायचे. आपण तोंड बंद ठेवायचं. विचारायचंच तर "यात तुला काय आवडलं?" एवढंच. आणि परत संताप येतो तो इथेच: त्या बाबांनी उडवलेल्या फोटोंत एक मला मागून दिसला होता. बोट बांधायचा ओला दोर, लोखंडी कडीला दोन वेढे, मागे पाण्यावर पिवळा दिवा. दोर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता, म्हणून तिला दिसला. आपण वरून बघत निघून जातो. गेला तो फोटो.

निवडलेल्या तिघांच्या प्रिंट काढा, ग्रुपवर टाकून अंगठे गोळा करू नका. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम २२ लाख. जुना ५ मेगापिक्सेलचा, म्हणजे ५० लाख पिक्सेलचा कॅमेराही पुरून उरतो. दुकानदाराला मॅट कागद सांगा, ग्लॉसीवर पोरांच्या बोटांचे डाग लगेच उठतात.